कुंदाआक्काचे सप्लायर

कुंदाआक्का नव्या सप्लायरला फोन लावते तेव्हा आधी भाव विचारत नाही, माल कधी मिळेल तेही विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जेवलंस काय? काय जेवलंस?"

पलीकडचा माणूस मुंबईचा, पुण्याचा, नाहीतर सुरतेचा. दुकानात गिऱ्हाइकं उभी असतात. त्याला वाटतं, नंबर चुकला.

"मॅडम, तुम्हाला कॅप पाहिजे होत्या ना?"

"टोपी मागनं. आधी जेवण सांग."

कोणी हसतो, कोणी फोन ठेवून देतो. ठेवला की आक्का माझ्याकडे बघून मान हलवते. "बघितलंस शालू? काय खाल्लं ता पण सांगवत नाय मेल्याला. ह्यो टोपीचं कापड खरं सांगणार?"

हे तिचं शास्त्र आहे. भावाचं खोटं माणूस झोपेतही बोलतो, पण जेवणाचं खोटं त्याला पटकन सुचत नाही. जो अडखळला तो लबाड. एका कीचेनवाल्यानं सकाळी तिला सांगितलं, "आज उपास आहे." आक्कानं दुपारी माझ्या फोनवरून पुन्हा लावला आणि आवाज बारीक करून तेच विचारलं. तो म्हणाला, "आत्ताच मिसळ खाऊन आलो, बोला." त्याची सॅम्पलची कीचेन तिनं तरीही मागवली, खिडकीच्या खिळ्याला टांगून ठेवली आणि खाऱ्या वाऱ्यानं तिला तांब चढल्यावर शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली.

फोनमध्ये नावं मी घालते, कारण आक्काला बारीक अक्षर दिसत नाही. पण नावं ती सांगेल तीच. पेनवाला म्हणजे 'वरणभात', छत्रीवाला 'डब्यातली भेंडी', बाटल्यांचा एजंट 'नुस्ता चहा'. माणसाचं खरं नाव कुठेच नाही. फोन वाजला की आक्का मोरीतून ओरडते, "शालू, बघ गो, भेंडी वाजते काय?" घरात एखादा नवा पाहुणा असला तर तो चुलीकडे बघतो.

दुकानांच्या नावाच्या वस्तू पुरवायच्या या धंद्यात येण्याआधी आम्ही दोघी बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायचो. उजाडायच्या आत जाऊन बसायचं. समोर बर्फातल्या कोळंबीचा ढीग, पायात गमबूट, डोक्याला फडकं. दुपारपर्यंत बोटांची टोकं आपली राहत नसत. घरी भाकरी टाकताना तव्याचा चटका बसला की तो मला उशिरा कळायचा. तिथेच माझी आणि आक्काची ओळख झाली. ती माहेरची नाटे गावची, नवरा बोटीवर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. शेडमध्ये तिचं तोंड सतत चालू आणि माझं सतत बंद, म्हणून आमचं जमलं.

एकदा सुटीच्या दिवशी ती माझ्याकडे आली ती सोनाराच्या दुकानाची एक कापडी पिशवी घेऊन. कोणाच्या तरी लग्नात मिळालेली. ती पिशवी तिनं माझ्यासमोर आपटली.

"हिच्यातनं मी बांगडे आणतंय, कांदे आणतंय, हिला घेऊन दवाखान्यात जातंय. सोनाराचं नाव सगळ्या रत्नागिरीत फिरतंय नि सोनार बसलाय पंख्याखाली. मी त्याची फुकटची नोकरीण झालंय गो!"

दोन दिवस ती त्या पिशवीवर रागावलेली होती. मग म्हणाली, "तुझ्याकडे मशीन हाय. तू पिशव्या शिव. दुकानदारांकडे मी जातंय."

असा आमचा धंदा सुरू झाला. औषधवाल्याच्या नावाच्या पिशव्या, किराणावाल्याच्या नावाच्या पिशव्या. छापून द्यायला गावातच एक माणूस होता. पण दुकानदार एका वस्तूवर थांबत नाहीत. कोणाला नावाचं पेन हवं, कोणाला बाटली, कोणाला छत्री. ह्या वस्तू काही माझ्या मशीनवर होत नाहीत. त्यासाठी सप्लायर शोधावे लागले, आणि सप्लायर म्हणजे न बघितलेली माणसं. माल त्यांच्याकडे, छापणार ते, आणि वेळ चुकली की दुकानदार शिव्या देणार आम्हाला. सॅम्पल सगळेच चांगला देतात, माल सॅम्पलसारखा येईलच असं नाही. हे आम्ही ठेच लागून शिकलो.

तेव्हापासून आक्का सॅम्पलची परीक्षा घेते. बाटलीत तिनं रात्रभर सोलकढी भरून ठेवली. सकाळी धुऊन नाकाला लावली. "वास धरते. नापास." छत्री घेऊन ती भाट्याच्या किनाऱ्यावर ऐन वाऱ्यात उभी राहिली. छत्री उलटी झाली तशी तिथूनच फोन लावला, "अरे भेंडी, तुझी छत्री माझ्या हातात कमळासारखी फुललीय. कान देऊन आईक, वारा ऐकू येतो काय?" जर्सी असेल तर ती समुद्राच्या पाण्यात बुडवायची, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर वाळवायची, पुन्हा बुडवायची. टोपी ती स्वतः घालते, अंबाड्यावर, आठवडाभर. मासळीबाजारात बायका हसतात. "आक्का, क्रिकेटला निघालीस काय?" आक्का म्हणते, "व्हय, तुझ्या नवऱ्याला आऊट करायला."

वस्तू पास झाली की आतल्या बाजूला मार्करनं 'पास' लिहायचं, खाली 'कुंदा' अशी सही करायची आणि सॅम्पल परत पाठवायचा. सप्लायरनं तो समोर ठेवून पुढचा माल छापायचा. सही नसेल तर छापायचं नाही. आमच्या अनुभवातून निघालेला हा नियम, आणि तो चांगला आहे.

बर्फाच्या कारखान्याचे मालक बाबाशेठ यांचं काम आम्हाला मिळालं ते ह्याच नियमामुळे. पावसात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की खऱ्या अर्थानं बोटींचं वर्ष सुरू होतं, आणि त्या दिवशी बाबाशेठ त्यांच्याकडून बर्फ घेणाऱ्या बोटींच्या खलाश्यांना टोपी आणि जर्सी वाटतात. वर कारखान्याचं नाव. आधी ते बाहेरगावच्या एका माणसाकडून घ्यायचे. मागल्या वर्षी टोप्यांचा रंग गेला आणि सगळ्या खलाश्यांच्या कपाळावर निळा पट्टा उमटला. मिरवणूक बघणाऱ्यांना वाटलं, कोणता तरी नवा पंथ निघालाय.

"कुंदाआक्का, रंग जाता नये," बाबाशेठ म्हणाले. "आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माल माझ्या दारात पाहिजे. दुसऱ्या दिवशी आणलीस तर मी त्या टोप्यांचं काय करू? बर्फात ठेवू?"

"शब्द दिला शेठ."

बंदरावर कागद कोणी बघत नाही, शब्द बघतात. हे काम झालं असतं तर जाळीवाले, डिझेलवाले, सगळे आमच्याकडे आले असते. नाही झालं तर कोणी दारात उभं केलं नसतं. शेडचा मुकादम आम्हाला रस्त्यात भेटला तेव्हा हसून म्हणालाच होता, "करा, करा धंदा. तुमच्या दोघींची जागा मी राखून ठेवलीय हां." घरापर्यंत आक्काची चाल जोरात होती.

टोप्या आणि जर्सी छापणारा जिग्नेशभाई मुंबईचा. आक्कानं नेहमीचा प्रश्न विचारला तर तो अडखळला नाहीच, उलट खुलला. "खिचडी-कढी, आक्का! माझी बा करते. वर तूप सोडायचा. कढीमध्ये थोडा गूळ." आक्कानं मला खूण केली. मी नाव घातलं, 'खिचडीकढी'.

पुढे ती त्याला कधीही विचारो, उत्तर तसंच सरळ. आज खिचडी. आज डाळभात. आज बा मंदिरात गेली म्हणून नुसता खाखरा. आक्काचा त्याच्यावर विश्वास बसला. विश्वास बसला इथपर्यंत ठीक होतं. पण तिला त्याची दया यायला लागली.

"बिचारा," ती एकदा म्हणाली. "भाव बरोबर, बोलणं बरोबर. पण पोराला मासळी मिळत नाय गो. रोज आजाऱ्यासारखी खिचडी."

मी टीप मारत होते. मला वाटलं, ती गंमत करते आहे.

सॅम्पल आला. जर्सी समुद्रात बुडाली, गडग्यावर वाळली. टोपी अंबाड्यावर बाजार फिरून आली. दोन्ही पास. आक्कानं सही केली आणि शनिवारी खोका बांधून मारुती मंदिराच्या स्टॉपवर गेली.

शनिवारी संध्याकाळी त्या स्टॉपवर मुंबईच्या गाड्या लागतात. आमच्याकडच्या घराघरातून कोणी ना कोणी मुंबईला असतो. त्याच्यासाठी बायका गाठोडी, डबे, खोके घेऊन येतात. कुळथाचं पीठ, कोकम, फणसाची साटं, सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, सुकी मासळी. वर मुलाचं, भावाचं नाव आणि फोन नंबर. ड्रायव्हरला थोडे पैसे दिले की तो केबिनमध्ये ठेवून घेतो आणि सकाळी तो माणूस नाक्यावर येऊन घेऊन जातो. सॅम्पल परत पाठवायला आक्काला हीच वाट आवडते. कुरियर तिला पटत नाही. "कुरियरवाल्याला आपण कोण, ठाऊक नसतं," असं ती म्हणते.

त्या दिवशी ती स्टॉपवरून माझ्याकडे आली ती गाणं गुणगुणत. जेवताना म्हणाली, "सॅम्पलच्या खोक्यात जरा सोडे दिले बांधून. नि सुक्या बांगड्याचे तुकडे. घरचे. खाईल पोरगा."

माझा घास हातातच राहिला.

"आक्का, ते गुजराती आहेत."

"मग? गुजरातला समुद्र नाय काय?"

गाडी तोवर हातखंब्याच्या पुढे गेली असेल. वरून मुसळधार पाऊस. खोका केबिनच्या कडेला भिजला असेल. दुसऱ्या दिवशी रविवार. सबंध रविवार मी आशेवर होते की जिग्नेशभाईच्या माणसानं खोका उघडलाच नसेल, किंवा उघडला असेल तर ते पुडकं मांजरानं पळवलं असेल.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मी नाव बघितलं आणि मशीन थांबवली.

"आक्का, खिचडीकढी."

आक्का फोन कानाला लावत नाही. आरशासारखा तोंडासमोर धरते आणि आवाज मोठा करते, म्हणून सगळं सगळ्यांना ऐकू येतं. जिग्नेशभाई ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आक्का, तुमी हे काय पाठवला?"

"अरे, सोडे आहेत ते. चांगले सुकवलेत, वाळू नाय त्यात..."

"खोका बा ने उघडला. तिला वाटला, कोकणातून कोणी देवाचा प्रसाद पाठवला. देवघरात नेऊन उघडला आक्का. आमच्या घरात अंडा पण येत नाय."

आक्कानं फोन तोंडापासून जरा लांब धरला.

"कारखाना घराच्या खालीच हाय. सॅम्पल खाली आणला तर त्याचा पण तोच वास. जर्सीच्या गठ्ठ्यावर ठेवला होता, गठ्ठ्याला पण लागला. वास जात नाय आक्का. मी सॅम्पल फेकून दिला. माफ करा, तुमचा काम मला नको. दुसरा कोणी बघा."

फोन बंद झाला.

मी आक्काच्या बोलण्याची वाट बघत होते. सबंध बंदराला पुरून उरणारी बाई. एकदा तिनं वजनात मारणाऱ्या माणसाला त्याच्याच तराजूत उभं राहायला लावलं होतं. ती आता म्हणेल, सोडे काय शेण हाय? ती म्हणेल, माझ्या घरच्या वस्तूला वास म्हणतो? मी मनातल्या मनात तिला आवरायची तयारी केली होती.

तिनं पदरानं फोनची काच पुसली आणि विचारलं, "जन्मापासून खाल्ली नाय त्यांनी?"

"नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही, आक्का."

"नि मी देवघरात पाठवली," ती म्हणाली आणि उठून पडवीत जाऊन बसली.

पौर्णिमा जवळ येत होती. आम्ही दुसरे सप्लायर शोधायला लागलो. वरणभात म्हणाला, मी फक्त पेन करतो. नुस्ता चहा म्हणाला, जर्सी देतो पण हजाराच्या खाली छापत नाही. भेंडी म्हणाला, "करतो ना ताई, पण सॅम्पल बनवून, पास होऊन, माल निघेपर्यंत पौर्णिमा जाईल." ह्या तिघांशी बोलताना आक्कानं एकदाही जेवण विचारलं नाही. भेंडीनं तर आपणहून सांगितलं, "आज कारलं होतं बरं का," तरी ती हसली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

जिग्नेशभाई फोन उचलत नव्हता. बाबाशेठ मात्र रोज करायचे.

"आक्का, माल निघाला काय?"

"निघतोय शेठ."

"निघतोय म्हणजे? गाडीत चढला?"

"म्हणजे... चढवतायत."

बोलताना आक्का अडखळली. फोन ठेवून तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

माझ्या पिशव्या तयार होत्या. खलाश्यांना टोपी-जर्सी त्यातूनच द्यायची होती. कारखान्याचं नाव छापलेल्या पिशव्यांच्या घड्या घालून मी कोपऱ्यात रचल्या होत्या. येता-जाता त्या रिकाम्या पिशव्या दिसत, आणि बघवत नसे. एका दुपारी मी आक्काच्या घरी गेले तर पडवीत तिचे गमबूट उन्हात उपडे ठेवले होते. माळ्यावरून काढले होते. शेजारी माझेही. शेड सुटल्यापासून ते तिच्याच माळ्यावर होते.

"धुऊन ठेवतंय नुस्ते," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, "शालू, लाव त्याला एकदा. शेवटचा."

मी लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो बाईमाणसानं.

"हॅलो? जिगू जमतो, जेवायला बसला. मी त्याची बा."

आक्काच्या हातातला फोन जरा खाली आला. मला वाटलं, ती बंद करेल. पण तिनं तो पुन्हा तोंडासमोर धरला.

"मी रत्नागिरीची कुंदा. मासळी पाठवली ती."

आणि ती बाई बोलायला लागली. गुजराती मिसळलेलं मराठी, पण सगळं समजत होतं. "अरे बेन! मी पूरा दिवस न्हात होती. देवाचे सगळे कपडे धुतले. पडदे धुतले. कृष्णाला नवा झोपाळा घ्यायला लागला. असा कोण करतो बेन?"

"चुकलं माझं," आक्का म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "मला ठाऊक नव्हतं, असं पण काय असतं ता. मला वाटलं, पोराला मिळत नाय."

"पण पाठवायचाच कशाला? तो व्यापारी, तुमी व्यापारी. तुमी माल घ्यायचा, पैसा द्यायचा. व्यापाऱ्याला खायला कोण पाठवतो?"

आता आक्का काही तरी तिखट बोलेल असं मला वाटलं. ती हळू आवाजात बोलायला लागली, आणि मी शेजारी बसले होते हे विसरून बोलायला लागली.

"आमच्याकडं शनवारी गाडी जाते बाय. सगळ्या बायका आपापल्या माणसांना पाठवतात. मी पण पाठवायची. भाव हाय माझा मुंबैत. मोहन. आई गेली तेव्हा तो एवढासा. मी कोळंबी सोलून त्याला शिकवला. मुंबैला गेल्यावर दर शनवारी त्याला खोका द्यायची. एकदा त्यानं फोन केला. म्हणाला, आक्का, सुकं काय पाठवू नको आता. लिफ्टमध्ये वास राहतो, शेजारी बोलतात."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग काय पाठवू, ता त्यानं सांगितलं नाय. मी पण इचारलं नाय. तो फोन करतो गो, दिवाळीला करतो. वाईट नाय तो. पण शनवारी त्या गाडीजवळनं मोकळ्या हातानं जायला नको वाटतं. म्हणून मी सॅम्पल गाडीनं पाठवतंय. जो कोण सप्लायर असंल, त्याच्या नावाचा खोका. आत सॅम्पल असला तरी वरनं कळत नाय कोणाला."

मी आक्काला इतकी वर्षं ओळखते. भाऊ मुंबईला आहे हे मला ठाऊक होतं. बाकीचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, ते तिनं एका न बघितलेल्या बाईला फोनवर सांगितलं.

पलीकडे भांड्याचा आवाज आला, मग पंख्याचा. त्या बाईनं नाक ओढलं.

"कोकम होतात तुमच्याकडे?"

"होतात."

"कोकम आमी खातो. डाळीत घालतो. कोकम पाठवायचा होता ना बेन! किती सोपा होता!" आणि मग ती फोन तसाच धरून घरात ओरडली, "जिगू! हात धू. रत्नागिरीवाल्या बेनचा काम चालू कर. हां, आत्ताच्या आत्ता. हा वास गेला. मी सांगते, गेला."

जिग्नेशभाई फोनवर आला. तो अजून घुश्शात होता, पण धंद्याचं बोलत होता. "आक्का, करतो मी. पण एक प्रॉब्लेम हाय. पास केलेला सॅम्पल नाय. नवा बनवून तुमच्याकडे पाठवला तर पौर्णिमा जाईल."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. सहीशिवाय छापायचं नाही, हा आमचा नियम. रंग गेला तर बाबाशेठ ऐन बंदरावर सगळ्यांदेखत आमची शोभा करणार.

"सॅम्पल नको," आक्का म्हणाली. "तू बघ नि छाप. तुझी नजर ती माझी नजर."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "काय बोलून बसलंय गो मी?" ती म्हणाली. आणि मग पौर्णिमेपर्यंतचे दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. आक्का रात्री उठून पाऊस किती आहे बघायची. मालाचा ट्रक घाटात अडकला तर? म्हणून जिग्नेशभाईनं ट्रकला माल दिलाच नाही. जसजसं छापून होईल तसतसं रात्रीच्या गाडीनं खोके पाठवतो म्हणाला. ही अक्कल त्याच्या आईची.

पहिल्यांदा जर्सी आल्या. आक्कानं स्टॉपवरून सरळ किनारा गाठला आणि एक जर्सी समुद्रात बुडवून, दगडावर आपटून, पिळून वर धरली. पिळलेलं पाणी स्वच्छ होतं. ती तिथेच ओल्या वाळूत बसली आणि हसायला लागली. पण टोप्या अजून यायच्या होत्या, आणि बाबाशेठना टोप्याच जास्त हव्या होत्या.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी आम्ही स्टॉपवर गेलो. गाडी उशिरा होती. पावसात आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. बाबाशेठचा फोन येऊन गेला. "दुपारी पिशव्या भरायला माणसं बसवलीयत, आक्का. त्यांच्या हातात काय देऊ?" आक्का म्हणाली, "येतेय गाडी." ह्या वेळी ती खरं बोलत होती.

गाडी आली. माणसं उतरली, बॅगा उतरल्या, कोणाची तरी शिवणाची मशीन उतरली. शेवटी ड्रायव्हरनं केबिनमधून निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला मोठा खोका काढला. "कुंदाताई कोण?"

मी पुढे होऊन खोका पायरीवर ओढून घेतला आणि कोपरा फाडून आत हात घातला. एक टोपी काढली. कारखान्याचं नाव सरळ होतं, अक्षरं जागच्या जागी होती. थुंकी लावून अंगठ्यानं घासून बघितलं. अंगठ्याला रंग नाही. आतल्या बाजूला, जिथे आक्काची सही असते तिथे, जिग्नेशभाईनं मार्करनं लिहिलं होतं, 'पास'.

"आक्का, झालं," मी म्हटलं. "चल. शेठ वाट बघतायत."

मी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. आणि आक्का त्या खोक्यावर बसली.

आमच्या वाडीतल्या दोघी-तिघी गाडीवर कोणाला तरी घ्यायला आल्या होत्या. आमच्याकडून मुंबईला खोके जातात, तिकडून येताना माणसं येतात. नुसता खोका कधी येत नाही. त्यातली एक थांबून बघायला लागली.

"आक्का, तुला आलं काय गो? मुंबैसनं?"

"मुंबैसनं."

"एवढं मोठं? कोणी पाठवलं?"

"आमच्या जिगूनं," आक्का म्हणाली.

ती बाई गेली. पाठीमागून दुसरी येत होती, हातात छत्री, पिशवी, संगतीला म्हातारी सासू. त्यांना यायला वेळ लागणार होता. आक्कानं पदर नीट केला, दोन्ही हात खोक्यावर टेकले आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिली. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला.

मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "थांब रे जरा. घाई नाय."